खळीचा वास

एका मेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम मी कात्रीनं कापलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं, आणि वर स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन त्या दिवशी चहात एक चमचा साखर जास्त घातली. ही गोष्ट मी तरुणपणी केली. म्हणजे बासष्टाव्या वर्षी. आज मला सदुसष्ट पूर्ण झाली आहेत, आणि त्या बाईकडे वळून पाहिलं की वाटतं, हिला समजवायला घरात कोणी मोठं माणूस नव्हतं का? नव्हतं. मोठं माणूस तीच होती.

आमचं घर महालात, शहराच्या जुन्या वस्तीत, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं मागे सरायचं अशा गल्लीत. वरच्या मजल्यावर मी. आमचे हे त्याआधीच गेलेले, मुलगा-सून-नात पुण्यात. खाली धाकटा दीर आणि जाऊ. त्यांना मूलबाळ नाही. गल्लीकडची खालची खोली मागाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली पावड्या दाबायच्या आणि हातानं दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळतो. खट, खटाक. माझ्या लग्नाच्या वेळी या गल्लीत घरोघरी हा आवाज होता. पुढे एकेक बंद होत गेला, आणि शेवटी आमच्या घरातला तेवढा उरला.

मी या घरात आले ती मॅट्रिक पास होऊन, आणि ही गोष्ट कोणाला कळायची राहू नये याची मी फार काळजी घेत असे. लग्न ठरतानाच माझ्या बाबांकरवी निरोप दिला होता की मुलगी कांड्या भरणार नाही. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची बारकी गुंडाळी. विणकराच्या घरात बाया चरख्यावर बसून कांड्या भरतात, तेव्हा कुठे माणूस विणतो. आमचे हे कारकून झाले होते, कारकुनाला मॅट्रिक बायको शोभते, म्हणून सासऱ्यांनी मान्य केलं. गल्लीनं माझं नाव ‘मॅट्रिकवाली’ ठेवलं. मला वाटायचं, कौतुकानं ठेवलं. दहा वर्षांनी जाऊ आली खाप्याहून, सातवी शिकलेली, आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवशी चरख्यावर बसली ती बसलीच. मी मात्र जिन्यावरून उतरताना पदर सावरून मागाजवळून जात असे, जसं काही ते सूत अंगाला चिकटून ह्यांच्या ऑफिसात पोचणार होतं.

एवढी वर्षं त्या खोलीवरून गेले, पण आत काय चालतं ते मला माहीत नव्हतं. हे सांगून ठेवते, पुढे लागेल.

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा गल्ली इतकी गप्प झाली की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. त्या गप्पगार दुपारी एकच आवाज असायचा, दिराच्या मागाचा. लग्नसराईची साडी मागावर चढलेली होती. गांधीबागेच्या कापडबाजारातला एक व्यापारी त्याला सूत द्यायचा आणि तयार साडी घेऊन जायचा. कितीतरी वर्षांचा हा रिवाज. तो व्यापारी फोनवर म्हणाला, “दुकान उघडू द्या, मग पाहू.” दुसऱ्यांदा म्हणाला, “लग्नंच नाही राहिली न भाऊ, साडी कोणाले विकू?” तिसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही. नंतर कळलं की त्यानं दुकानात मास्क आणि सॅनिटायझर ठेवायला सुरुवात केली, आणि मग तेही आवरून दुकानच दुसऱ्याला देऊन टाकलं.

तेव्हापासून खालचा आवाज बदलला. पूर्वी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. आता दुपारी थोडा वेळ चालायचा आणि थांबायचा. मी एकदा जिन्यातून वाकून पाहिलं. दीर मागावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर, समोर विणलेल्या कापडाकडे पाहत.

मी म्हटलं, “काय भाऊजी, साडी विणून राहिले का मागावर झोप काढून राहिले?”

तो हसला. माझ्या थट्टेला तो नेहमीच हसायचा. म्हणाला, “चार बोटं विणली वैनी. आजच्यापुरती झाली.”

“काहून? सूत संपलं का?”

“सूत आहे. पण ही साडी संपली तं मंग सकाळी उठून मी काय करू?”

आणि मी, मॅट्रिक पास, काय उत्तर दिलं? म्हटलं, “आराम करा न. साऱ्या देशाले सुट्टी आहे.”

तो पुन्हा हसला. मी वर जाऊन वरणाला फोडणी दिली.

लॉकडाऊन सुटला तरी सूत आलं नाही. दिरानं भाड्यानं हातगाडी घेतली आणि भाजी विकायला लागला. गल्लीतले अर्धे लोक तेव्हा भाजीच विकत होते. घेणारे कोण उरले होते, देव जाणे. त्याला ओरडता यायचं नाही. आयुष्यभर मागानंच त्याच्यासाठी आवाज केलेला. तो गाडी घेऊन प्रत्येक घरासमोर नुसता उभा राहायचा, कोणाचं लक्ष जाईपर्यंत. मी वरून दोरीला टोपली बांधून सोडायचे आणि म्हणायचे, “भाऊजी, ओरडा तरी! भाजी मनातल्या मनात विकून राहिले का?” टोपलीत तो नेहमी सांबार जास्तीचा टाकायचा. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. संध्याकाळी परत आला की हात धुऊन मागावर बसायचा. खट, खटाक, खट. दहा मिनिटं. बस.

दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. दवाखान्याची गाडी आली, दोन माणसं पांढऱ्या कपड्यांत उतरली, तो स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसला. चढता चढता जावेला म्हणाला, “मागावर पाणी पडू देऊ नको वं, खिडकीतून झड येते.” तेवढंच. मग तो परत आला नाही, त्याचं काहीच परत आलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

दिवस झाल्यावर जावेचा भाऊ येऊन तिला खाप्याला घेऊन गेला. आणि घरात मी एकटी राहिले.

आता जे सांगते त्यावर हसायचं असेल तर हसा, मीही हसते. दुपारी दोनच्या सुमारास मला खाली माग वाजलेला ऐकू यायचा. पूर्ण नाही. एकच खट. जशी कोणी दोरी ओढली आणि सोडून दिली. मी जिन्यात येऊन उभी राहायची. खाली कोणी नसायचं. उन्हाची एक तिरीप मागावर पडलेली असायची आणि अर्धी साडी तिथंच ताणून बसलेली. लाकूड उन्हानं वाजतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी रोज दोन वाजता वाट पाहायची.

त्याच दिवसांत गल्लीत एक पार्सलवाला चक्कर मारू लागला. लोक घरबसल्या सगळं मागवत होते, आणि त्याला गल्लीत डबे-खोकी ठेवायला रस्त्यालगत एक खोली पाहिजे होती. आमच्या खालच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, “आंटी, ही द्याल का भाड्यानं?” मी त्याला सांगितलं, पंधरा दिवसांनी ये, खोली रिकामी करून ठेवते. जावेला विचारलं नाही. पुण्यालाही कळवलं नाही. स्वतःला मात्र एक छान कारण सांगितलं: ती परत आल्यावर अर्धी साडी पाहून तिला किती रडू येईल! ती दिसायलाच नको. केवढी मी कनवाळू! कारणं बनवण्यात माझा हात कोणी धरला नाही. मॅट्रिकला निबंधात मला चांगले मार्क होते.

मग मी मोठी कात्री घेतली आणि साडी मागावरून कापली. एकदम सरळ, रेघ मारल्यासारखी. मागे न विणलेला उभा ताणा शिल्लक होता, तोही फणीतून उपसून काढला, एकेक धागा सुटून बाहेर आला. फणी म्हणजे मागाची ती दातांची पट्टी, जिच्यातून सगळा ताणा जातो. सगळं रिकामं केलं, झाडलं, लाकडाला खोबरेल तेल पुसलं, वरून चादर टाकली. साडी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत. आणि ते सूत? चांगलं सुती सूत वाया कशाला घालवायचं! वीतवीतभर तुकडे कापून मी त्याच्या वाती वळल्या. डालड्याचा जुना डबा गच्च भरला.

रोज संध्याकाळी त्यातल्या दोन वाती देवापुढे लावायची. पहिल्याच संध्याकाळी एक वास आला. शिजलेल्या तांदळाच्या पेजेसारखा, जरासा जळका. हा वास खालच्या खोलीचा. दिराच्या अंगाला, त्याच्या बंडीला, त्याच्या हातांना हाच वास यायचा. दिवा विझला की वास जायचा, लावला की यायचा. चार दिवसांनी नातीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी फोन देवघरात नेला आणि हळूच सांगितलं, “तुझा आजोबा येऊन राहिला गं रोज, दिव्याच्या वेळी. लहाना आजोबा.”

नात म्हणाली, “आजी, वास येतोय म्हणजे तुला कोरोना नाही, एवढं नक्की.”

मी तिला रागावले. पण मनातून मला बरं वाटत होतं. त्याला त्या खोलीतून बेदखल करायला निघाले होते मी, आणि तरी तो रोज माझ्या देवापुढे येतोय, म्हणजे रागावलेला नाही. असं मी समजत होते.

जाऊ परत आली ती न कळवता, भर दुपारी, बसनं. खांद्यावर एक भलं मोठं गाठोडं. दारातूनच म्हणाली, “बाई, हे धरा, जड आहे.” गाठोड्यात सूत होतं. खाप्यात एक बाई विणकरांना सूत देऊन साड्या घेत होती, तिच्याशी जाऊ बोलून आली होती. पहिली साडी पोळ्याच्या आधी द्यायची. जमली तर पुढचं सूत मिळणार. नाही जमली तर? “तं माहा भाऊ म्हणते, घराले कुलूप लाव अन् खाप्याले येऊन राह्य. भावजयीच्या चुलीजवळ किती दिवस काढू बाई? मले आपलं घर पाह्यजे.”

“पण विणणार कोण वं?” मी विचारलं.

“मी. इतके वर्षं कांड्या भरल्या, डोळे का मिटून भरल्या? त्याची उरलेली साडी पह्यले पुरी करतो. तेवढ्यात हात बसते. मंग त्याच्याच शेपटाले नवा ताणा जोडतो.”

असं म्हणत तिनं मागावरची चादर काढली.

फणीच्या रिकाम्या दातांवरून तिनं एक बोट फिरवलं, टर्र आवाज आला. मग मागे वाकून पाहिलं. मग माझ्याकडे.

“बाई, शेपूट कुठी आहे?”

“कोणतं शेपूट वं?”

तेव्हा तिनं मला सांगितलं, चाळीस वर्षांहून जास्त त्या घरात राहिलेल्या बाईला, जसं पहिलीच्या पोरीला सांगतात. विणकर साडी कापतो तेव्हा माग कधी पूर्ण रिकामा करत नाही. फणीत ताण्याचं हातभर शेपूट ठेवतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक टोकाला जोडायचा आणि ओढून घ्यायचा. जुना नव्याला आपल्या मागे वाटेला लावतो. शेपूट गेलं तर हजारांनी धागे एकेक करून पुन्हा भरायचे, आधी दोऱ्यांच्या फाशांतून, मग फणीच्या दातांतून, एकही ओळ न चुकता. ते काम येणारी माणसं वेगळी असतात. “पंधरा वर्षं झाली ही फणी भरून. मी धागा देत होती, तो ओढत होता. तवापासून एक दिवस रिकामी नव्हती बाई.”

संध्याकाळ होत आली होती, म्हणून मी वर जाऊन दिवा लावला. वास जिन्यातून खाली गेला असणार. ती वर आली, दिव्यापाशी बसली, डालड्याचा डबा उघडून एक वात नाकाशी धरली.

“खळ आहे ही,” ती म्हणाली. “ताण्याले लावतो न आम्ही, धागा तुटू नये म्हणून. भाताची खळ.” आणि डब्याचं झाकण हळूच लावलं. “ताणा जाळून राहिल्या तुम्ही.”

इतके दिवस जो माझ्या देवापुढे येत होता, त्याला मी रोज दोन-दोन वातींनी संपवत होते.

दुसऱ्या दिवशी मी फणी भरणारं माणूस शोधायला निघाले. तोंडाला मास्क, हातात छत्री. ज्या गल्ल्यांतून नवी नवरी म्हणून मी नाक मुरडत गेले होते, त्याच गल्ल्यांतून आता कान लावून चालत होते. कुठेतरी खट वाजेल. एका घरात मागाच्या खड्ड्यावर फळी टाकून शिवणयंत्र ठेवलं होतं, मास्क शिवायला, आणि तेही बंद पडलेलं. एका घरात मागाच्या दांड्यावर कपडे वाळत होते. एका घरचा माणूस ई-रिक्षा चालवायला गेला होता, एकाचा पार्सलं वाटायला. एका दारात बाई म्हणाली, “फणी भरणारे दोघंच होते, मोठ्या बाई. एक गेला न, तुमच्या भाऊजीच्याच हप्त्यात. दुसरे काका बेशाले राह्यते पोरीकडं. तिथं स्कीमवर चौकीदार आहे.”

बेसा म्हणजे शहराच्या पार टोकाला. नव्या-नव्या फ्लॅट स्कीमा, एक दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. तीन गेटांवर विचारून चौथ्यावर सापडले. सत्तरीच्या पुढचे, निळा गणवेश खांद्यावरून घसरलेला. मला पाहून उठले, तापमान मोजायचं पिस्तूल कपाळावर रोखलं.

“कोण्या फ्लॅटात जाऊन राहिल्या?”

“कोण्याच नाही. तुमच्याकडंच आली काका.”

“मास्क खाली कर, तोंड पाहू दे.” पाहिलं. “अवं! तू तं मॅट्रिकवाली!”

मी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. ताणा कसा गेला असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, उंदरांनी कुरतडला. बासष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात, एका चौकीदारासमोर. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडे केले. बोटांची टोकं फाटून खरखरीत झाली होती. “दिवसभर हे सॅनिटायझर. यात सूत अडकते वं. अन् डोळेही गेले.” मग गेटकडे पाहत म्हणाले, “माहा माग मी जाळला. पह्यल्या लाटेत. गॅस भरायची सोय नव्हती, चुलीत घातला. चांगलं सागवान होतं. आठ दिवस पुरलं.”

“काका, जावेनं सूत आणलं आहे. मागावर ती बसणार आहे. पोळ्याच्या आधी साडी नाही गेली तर घराला कुलूप लावावं लागते तिले.”

“ती बसणार? बाईमाणूस?”

“बसते म्हणते.”

एक कार आली. ते उठले, गेट उघडलं, सलाम केला, गेट लावलं, येऊन बसले. हातांवर पुन्हा सॅनिटायझर चोळलं. मला वाटलं, संपलं.

“सोमवारी मले सुट्टी राह्यते,” ते म्हणाले.

पहिल्या सोमवारी आले ते आधी म्हणाले, कापलेली साडी दाखवा. मी ट्रंकेतून काढली. त्यांनी कापलेली कड डोळ्यांजवळ नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. सरळ, रेघ मारल्यासारखी.

“उंदीर शिकलेला दिसते,” म्हणाले.

जाऊ खाली मान घालून हसली. किती महिन्यांनी हसली असेल. मीही हसले, दुसरं काय करणार.

मग त्यांनी साडी मांडीवर पसरली आणि डोळे मिटून तळवा फिरवायला लागले. फिरवता फिरवता थांबले. “इथं थांबला.” चार बोटं पुढे. “इथं थांबला.” पुन्हा चार बोटं. “इथं.” कापडात आडवी, केसासारखी पुसट रेघ होती, उजेडाकडे धरली तर दिसायची. विणकर मध्येच उठून पुन्हा बसला की अशी रेघ येते, ते म्हणाले. चांगला विणकर ती येऊ देत नाही. “याच्या हाताले कधी रेघ नव्हती. हा रोज थोडं-थोडं विणून सोडून देत होता. काहून?”

मला माहीत होतं काहून. ‘साऱ्या देशाले सुट्टी आहे.’ ते माझंच वाक्य त्या कापडात कुठेतरी विणलेलं होतं. रेघा पुढे जवळजवळ येत गेल्या होत्या. चार बोटं, मग तीन, दोन. भाजीच्या दिवसांतल्या असणार. अगदी शेवटच्या दोन रेघांमध्ये माझी करंगळीसुद्धा मावली नाही.

काकांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून आकडीनं धागा ओढायचं काम जावेनं घेतलं, ते शेजारी बसून ओळ सांगत राहिले. मागच्या बाजूनं एकेक धागा वेगळा करून देणारं कोणी पाहिजे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मागाच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्यामधल्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन मी बसले. लग्नात जो निरोप पाठवला होता तो कोणाला आठवला नसावा. मला आठवला. एक धागा, मग दुसरा. मी उचलून धरायचा, फाशातून आकडी यायची, धागा घेऊन जायची. तिचा चेहरा दिसायचा नाही, फक्त ती आकडी यायची. कधी कधी वाटायचं, पलीकडे ती नाहीच. दुसराच कोणी ओढतोय. दुपारी दोनला लाकूड वाजलं, खट, आणि आम्हा तिघांचेही हात एकदम थांबले. मग आकडी पुन्हा आली.

तिसऱ्या सोमवारी मी दोन धागे उलटे दिले आणि वीतभर भरलेली ओळ सगळी मागे काढावी लागली. काका म्हणाले, “मॅट्रिकले गणित होतं न वं?” मधल्या दिवसांत आम्ही दोघीच बसायचो, जेवढं जमेल तेवढं. पार्सलवाल्याला मी एव्हाना नाही म्हणून कळवलं होतं, आणि ती गोष्ट माझ्यापुरतीच आहे असं समजून निर्धास्त होते.

पाचव्या सोमवारी फणी भरली. काकांनी ताण्यावर एकदा उलटा हात फिरवला, सॅनिटायझरनं फाटलेली बोटं अडकू नयेत म्हणून, आणि चहा न घेता निघून गेले. दिराचे पाय लांब होते, जावेचे पावड्यांपर्यंत पोचेनात. पायांखाली फळी ठोकावी लागली. दिराची अर्धी साडी पुरी होणार नव्हती, ती पुन्हा ट्रंकेत गेली. डालड्याचा डबा अजून अर्धा आहे. जाऊ म्हणाली, केलंच आहे तर जाळा. आम्ही फक्त त्याच्या तिथीला एक लावतो. वास येतो. कशाचा ते आता माहीत आहे, तरी दिवा विझेपर्यंत आम्ही दोघी तिथून उठत नाही.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा विणायला बसली, मी वर होते. पोळ्याला महिना उरला होता. आधी खट वाजला, एकच. मी भांडं हातात धरून उभी राहिले. मग खटाक. मग खट. मला जिना उतरायचं भान राहिलं नाही, कशी खाली आले देव जाणे. ती खड्ड्यात पाय सोडून बसली होती, बोटभर कापड तयार झालं होतं, वाकडंतिकडं. मी मागाच्या लाकडाला धरून जमिनीवर बसले आणि रडायला लागले. म्हटलं, मले माफ कर वं, मी तुझं शेपूट कापलं, त्याच्या ताण्याच्या वाती केल्या, तुले काय काय सांगू.

तिनं पाय थांबवले नाहीत. म्हणाली, “बाई, ही खोली तुम्ही त्या पार्सलवाल्याले भाड्यानं देऊन राहिल्या होत्या, हे मले खाप्यालेच गल्लीतल्या फोनवरून समजलं होतं. म्हणून तं सूत घेऊन आली. आता रडू नका, सुतावर पाणी पडते. त्या चरख्यावर बसा अन् कांड्या भरा.”